लोणार ते भेंडवळ : बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातून आंतरविद्याशाखीय पाठ

प्रस्तावना :

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. विषय वेगवेगळे न शिकविता एखादा उद्योग आणि भोवतालचा परिसर यांच्याशी त्यांचा मेळ घालावा, हे तिचे सूत्र होते. त्यालाच 'समवाय' म्हटले गेले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला, तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अध्ययनावर भर दिला. तत्त्व जुने आहे आणि मान्यही आहे. तथापि अध्यापक महाविद्यालयांतील पाठ टाचणांच्या वह्या चाळल्या तर परिसर केवळ प्रस्तावनेतील दोन प्रश्नांपुरता उरलेला दिसतो. बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला लोणार ठाऊक असते ते सहलीचे ठिकाण म्हणून. प्रस्तुत लेखात जिल्ह्यातील तीन स्थळ-विषय घेऊन इयत्ता पाचवीपासून पदवी वर्गापर्यंत कोणते पाठ घेता येतील, याचा विचार केला आहे.

लोणार : एक विवर, अनेक तासिका

दख्खनच्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या या विवराचा काठावरील व्यास सुमारे 1.83 किलोमीटर असून सरोवराचे पाणी काठापासून सुमारे 137 मीटर खाली आहे. एवढ्या दोन आकड्यांवर गणिताच्या अनेक तासिका उभ्या राहतात. सातवीच्या विद्यार्थ्याने परीघ काढावा. तो सुमारे पावणेसहा किलोमीटर येतो. ताशी चार किलोमीटर वेगाने काठाने फेरी मारण्यास किती वेळ लागेल, हे तो पुढे स्वतःच विचारतो. दहावीसाठी अवनत कोनाचे उदाहरण घ्यावे. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत कोन बहुधा 30, 45 किंवा 60 अंशांचे असतात. लोणारच्या काठावरून सरोवराच्या मध्याकडे पाहणाऱ्याचा कोन मात्र 137 भागिले 915, म्हणजे सुमारे 0.15 या गुणोत्तरावरून जेमतेम साडेआठ अंश निघतो. डोळ्यांना भासणारी खोली आणि मोजून आलेला कोन यांतील ही तफावत विद्यार्थी विसरत नाही. कोनमापक, दोरा आणि दगडाचा ओळंबा एवढे साहित्य त्यास पुरते.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला येथे सामूची संकल्पना मांडता येते. सरोवराच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. गोड्या पाण्याचा सामू 7 धरल्यास फरक तीन एककांचा. विद्यार्थी त्याला 'तिप्पट' समजतात. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांच्या संहतीत तो हजारपटीचा आहे. विवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही, बाष्पीभवन चालू राहते आणि सोडियमची कार्बोनेट-बायकार्बोनेट लवणे मागे उरतात. 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख काच व साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी येतो, तो याच कारणाने. एकच क्षार वाळू वितळविण्यास आणि चरबीचा साबण करण्यास कसा उपयोगी पडतो, या प्रश्नावर इतिहास व रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र तासिका घ्यावी. वेळापत्रकाची अडचण येते. पण आठवड्यातून एक जोडतासिका ही फार मोठी मागणी नव्हे.

पाचवी-सहावीच्या भाषेच्या तासाला लवणासुराची कथा घ्यावी. विष्णूने दैत्यसूदन रूपात त्या असुराचा वध केला, असे लोक सांगतात आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिर त्याच नावाचे आहे. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून कथा ऐकून आपल्या बोलीत लिहावी. असुराच्या नावातच 'लवण' का, हे त्यांना शोधू द्यावे, शिक्षकाने सांगू नये.

विवराच्या वयाचा प्रश्न वरिष्ठ वर्गांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो. उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे 52,000 वर्षे मानले गेले होते. 2011 मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या आधारे ते सुमारे 5,70,000 वर्षे, अधिक-उणे 47,000, असे प्रसिद्ध झाले. जुना आकडा आजही माहितीफलकांसारख्या लिखाणात आढळतो. विद्यार्थ्यांना दोन्ही आकडे द्यावेत आणि 'बरोबर उत्तर कोणते?' असे न विचारता 'दोन्ही पद्धती नेमके काय मोजतात?' असे विचारावे. 'अधिक-उणे' या चिन्हाचा अर्थ पदवीच्या विद्यार्थ्यांनाही बहुधा सांगता येत नाही. ते परीक्षेत उतरवितात, वाचत नाहीत.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याकडे निर्देश केला. जीवशास्त्राचा पाठ तेथून सुरू करता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. परिसर अभयारण्याचा असल्याने दगड वा नमुने आणू नयेत. बेसॉल्ट तर प्रत्येकाच्या बांधावर आहे.

खारपाणपट्टा :

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील पूर्णा खोऱ्याच्या गावांत विहिरीचे पाणी खारे आहे. येथे पाठाचा विषय विद्यार्थ्याच्या घरच्या घागरीत असतो. सहावीत एक लिटर पाणी आटवून उरलेला क्षार तोलावा; आठवीत साबणाच्या फेसावरून कठीणपणा तपासावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विद्राव्य घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास 2,000 पर्यंत मुभा आहे. 'पर्याय नसल्यास' या दोन शब्दांवर नागरिकशास्त्राची पूर्ण तासिका होऊ शकते. मात्र नमुन्यांवर कुटुंबाचे नाव लिहू नये आणि शालेय प्रयोगावरून आजाराचे निदान सुचवू नये. मुलाने घरी जाऊन भीती सांगावी, हा पाठाचा हेतू नव्हे.

भेंडवळची घटमांडणी :

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडला जातो. त्याभोवती अठरा प्रकारची धान्ये, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे. दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. वर्गात या परंपरेची टिंगल करणारा शिक्षक निम्मा वर्ग त्याच क्षणी गमावतो. त्याऐवजी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भाकीत त्याच दिवशी वहीत उतरवावे आणि ऑक्टोबरात तालुक्याच्या पर्जन्यनोंदीशी ताडून पाहावे.

तत्पूर्वी एक हिशेब फळ्यावर व्हावा. प्रत्येक महिन्याचा पाऊस कमी, सरासरी वा जास्त असा तीन समान शक्यतांचा मानला, तर डोळे मिटून सांगितलेले चारही अंदाज खरे ठरण्याची शक्यता 81 पैकी 1 आहे. परंतु निदान एक अंदाज खरा ठरण्याची शक्यता 81 पैकी 65, म्हणजे सुमारे 80 टक्के आहे. 'एक महिना तरी बरोबर आला' एवढ्यावरून काय ठरते, हे विद्यार्थी मग आपसांतच वाद घालून ठरवितात. नंतर हाच निकष हवामान खात्याच्या अंदाजालाही लावावा. दोन्हींना एकच माप लावले, तर पेरणीचा निर्णय रोज डोळ्यांसमोर पाहणारी शेतकऱ्यांची मुले त्या चर्चेत मागच्या बाकावर बसत नाहीत.