फॉर्म एफ कोण वाचतो?

२००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ९३०च्या आसपास होता. हा जिल्हा मागासलेला नव्हता. ऊस, दूध आणि सहकाराने घरोघरी पैसा आणलेला, आणि शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केलेले. अशा ठिकाणी एका दशकात मुली एवढ्या कशा घटल्या, याचे उत्तर देताना सगळे 'मानसिकते'कडे बोट दाखवतात. पण वंशाला दिवा हवा ही हौस १९९१ मध्येही तेवढीच होती, आणि १९५१ मध्येही. दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. कुटुंब दोन मुलांवर आले, आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. पहिल्या बदलाने मुलाची घाई वाढवली, तर दुसऱ्याने ती भागवण्याची सोय केली, आणि ती सोय डॉक्टरांच्या हातात होती. 'लोकांची मने बदलल्याशिवाय कायद्याचा काय उपयोग?' असे विचारणाऱ्यांनी आधी सांगावे, की मने न बदलताच मुली कमी कशा झाल्या?

वैद्यकीय व्यवसायातल्या इतर गैरव्यवहारांत निदान एक जण नाडला गेलेला असतो. विनाकारण शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आज ना उद्या तक्रार करतो. खोटे बिल लावले तर विमा कंपनी किंवा सरकारी योजना ओरडते. गर्भलिंग निदानात मात्र पैसे घेणारा खूश, देणारे खूश, आणि जिच्यावर अन्याय झाला ती जन्मालाच आलेली नाही. गर्भवती बाईवर दबाव असला तरी ती नवऱ्याविरुद्ध, सासरविरुद्ध पोलीस ठाण्यात जाईल ही अपेक्षा भाबडी आहे. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याला हे ठाऊक आहे. म्हणूनच बाईवर तपासणीची सक्ती नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी केली असे तो गृहीत धरतो. तरीही फिर्यादी कोण, साक्षीदार कोण, हा प्रश्न उरतोच. अशा गुन्ह्यात उरणारा साक्षीदार एकच, कागद. या कायद्याचा सगळा भार कागदावर आहे आणि तो तसाच असायला हवा.

या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. मुंबईतल्या स्त्री संघटना आणि काही डॉक्टर यांच्या रेट्यामुळे १९८८ साली राज्याने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, अमलात आला १ जानेवारी १९९६ रोजी, आणि नंतर बराच काळ धूळ खात पडला. सेहत व मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा कुठे यंत्रांची नोंदणी सुरू झाली. २००३च्या दुरुस्तीने तो आजच्या रूपात आला. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी आता 'फॉर्म एफ' भरावा लागतो. तिचे नाव-पत्ता, आधीची मुले किती, त्यांत मुली किती, गर्भ किती आठवड्यांचा, कोणी पाठवले, तपासणीचे कारण काय, हे सगळे त्यात येते. शिवाय लिंग जाणून घ्यायचे नाही असे तिचे, आणि ते सांगितले नाही असे डॉक्टरचे निवेदन. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. नोंदीत उणीव राहिली तर तोच कायद्याचा भंग मानला जातो, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते.

डॉक्टरांचा सगळ्यात मोठा राग या तरतुदीवर आहे. एक रकाना कोरा राहिला म्हणून तीन वर्षांची कैद? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात मांडला. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. फॉर्म भरणे ही केवळ कारकुनी बाब नाही असा त्या निकालाचा गाभा आहे. मला तो पटतो. तपासणीचे कारण लिहिलेले नसेल, तर ती तपासणी कशासाठी झाली हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही, आणि गुन्हा करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. पण डॉक्टरांच्या तक्रारीत तथ्यही आहे. तपासणीला आलेले पथक भिंतीवरचा फलक आणि कायद्याची प्रत पाहून परत जाणार असेल, तर प्रामाणिक डॉक्टर धास्तावतो आणि सराईत माणूस फलक आणखी ठळक अक्षरांत रंगवून घेतो. तरतूद कडक आहे ती ठीकच. ती वापरणाऱ्यांना नोंदींतून अर्थ काढता येत नाही, हे खरे दुखणे.

कोल्हापूरचा प्रयोग इथेच महत्त्वाचा ठरतो. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, २०१०च्या सुमारास, इथे दोन गोष्टी झाल्या. फॉर्म एफ ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले आणि सोनोग्राफी यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडले गेले. यंत्रावर झालेल्या तपासणीचे चित्रण ते साठवून ठेवी, म्हणजे फॉर्ममध्ये लिहिलेले आणि यंत्रावर घडलेले ताडून पाहता येई. (देशमुख लेखकही, 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा त्यांचा कथासंग्रह याच विषयावरचा. सरकारी फायलीतून कथा निघाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असावे.) ऑनलाइन फॉर्मचा फायदा साधा होता. दोन मुली असलेल्या, चौथ्या-पाचव्या महिन्यात तपासणी झालेल्या बायका कोणत्या केंद्रावर जास्त येतात, हे गठ्ठ्यांत बांधलेल्या कागदांवरून कळत नाही. संगणकावर थोड्या वेळात कळते.

याविरुद्ध रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. आक्षेप दोन होते. कायद्यात नसलेले ओझे जिल्हाधिकारी लादतात हा एक, आणि गर्भवतीच्या खासगीपणावर घाला येतो हा दुसरा. २६ ऑगस्ट २०११ रोजी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. चित्रण कुठे पाठवले जात नाही, ते यंत्रापाशीच राहते आणि संबंधित डॉक्टरच्या समक्षच उघडायचे असते, हे न्यायालयाने विचारात घेतले. खासगीपणाचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आज आरोग्याची माहिती फुटण्याच्या बातम्या येत असताना तो अधिकच गंभीर आहे. पण त्याचे उत्तर चित्रण कोण, केव्हा, कुणासमोर उघडणार याच्या काटेकोर नियमांत आहे. चित्रणच नको म्हणण्यात नाही.

मग उपकरणाने मुली वाढवल्या का? २०११च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला. राज्याचा त्याच काळात ९१३ वरून ८९४ वर घसरला, आणि बीडचा ८९४ वरून थेट ८०७ वर. आकडे पाहून उपकरणाला हार घालण्याचा मोह होतो, अनेकांनी घातलेही. पण २०११च्या फेब्रुवारीत मोजलेली मुले २००४ पासून जन्मलेली. त्यांतली बहुतेक उपकरण येण्याआधीची. तेव्हा या वाढीचे श्रेय त्याला देता येत नाही.

शिवाय उपकरण नोंदलेल्या यंत्रावर बसते. गुन्हेगार ते यंत्र सोडून दुसरीकडे जातो. २०१७च्या मार्चमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, गर्भपातानंतर एका तरुणीचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना एका होमिओपॅथी डॉक्टरचा. तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातल्या डॉक्टरांपर्यंत गेले. राज्याची हद्द कायद्याला अडवते, पेशंटला नाही. अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या छाप्यांत हलवता येणारी पोर्टेबल यंत्रे सापडली आहेत. पिशवीतून नेता येणाऱ्या यंत्रावर कोण काय बसवणार? म्हणून यंत्राच्या विक्रीची, दुरुस्तीची, जुने यंत्र कुणाला दिले याची नोंद तपासणे हे फॉर्म एफ इतकेच महत्त्वाचे आहे. कायद्याने नोंद नसलेल्याला यंत्र विकायला बंदी आहेच.

आणखी एक आक्षेप स्त्रीवाद्यांकडून येतो, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. या कायद्याच्या धाकाने डॉक्टर कायदेशीर गर्भपातही नाकारतात, गोळ्या दुकानांतून गायब होतात आणि गरजू बाई भोंदूच्या दारात जाते. हे घडते. पण गर्भपाताचा कायदा १९७१चा आणि वेगळा आहे; २०२१ साली तो अधिक उदार झाला. गुन्हा लिंग सांगण्याचा आहे, त्यामुळे पहारा सोनोग्राफीच्या खोलीवर हवा. औषध दुकानदार आणि गर्भपात केंद्रे यांच्यामागे लागणारे अधिकारी सोपे काम करतात आणि चुकीच्या माणसाला शिक्षा देतात.

हाच न्याय 'कट'लाही लावून पाहावा. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याला वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांत मनाई आहे. २०१७ साली निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला. पुढे त्याचा कायदा झाला नाही. कटमध्येही देणारा-घेणारा दोघेही गप्प असतात आणि रुग्णाला पत्ता नसतो. पण तिथे फॉर्म एफसारखा कागदच नाही, म्हणून मनाई नुसती मनाईच राहिली. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने औषध आणि उपकरण कंपन्यांना डॉक्टरांना दिलेले पैसे जाहीर नोंदवावे लागतात, आणि सरकारी योजनेची लूट उघड करणाऱ्या आतल्या माणसाला वसुलीतला वाटा मिळतो. आपल्याकडे गर्भलिंग निदानाची खबर देणाऱ्याला राज्य सरकार एक लाख रुपयांचे बक्षीस देते, हे फार थोड्यांना माहीत असते.

शिक्षेवरही आपण फार भिस्त ठेवतो. परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला २०१२ साली गर्भपातात झालेल्या महिलेच्या मृत्यूच्या प्रकरणात २०१९ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर सुटल्यावर २०२० साली तो पुन्हा दवाखाना चालवताना पकडला गेला. परवाना रद्द झालेला माणूस पाटी लावून बसतो तेव्हा गावातल्या कुणालाच दिसत नाही, असे होत नाही.

कोल्हापूर शहरात सक्षम प्राधिकारी महापालिकेचा आरोग्य अधिकारी, जिल्ह्यात सीपीआर रुग्णालयातले जिल्हा शल्यचिकित्सक. त्यांनी हालचाल केली नाही, तर कलम २८ प्रमाणे कोणाही नागरिकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात जाता येते. वाचकांपैकी कुणी तसे करणार असेल तर वेळ मोजूनच करावे. कलम २९ नुसार खटला चालू नसेल तर हे फॉर्म दोनच वर्षे जपायचे असतात. त्यानंतर ते नष्ट केले तरी कायदा मोडत नाही.