वाहनविज्ञान, लेखांक नववा : मागच्या चाकांना ताकद कोठून मिळते?

चाकाने रस्त्यावर किती जोर लावायचा हे इंजिनाच्या हाती फारसे नसते. ते त्या चाकावर पडणारे वजन आणि चाक व जमीन यांच्यातील घर्षण यांवर ठरते, आणि या मर्यादेपलीकडची सारी ताकद चाक जागच्या जागी गरगर फिरवण्यात खर्च होते. पिकअप ट्रकच्या बाबतीत ही मर्यादा अधिक जाचक असते, कारण हौदा रिकामा असताना इंजिनाच्या वजनामुळे पुढचा आस जड आणि मागचा हलका असतो, तर हौद्यात धानाची पोती किंवा सळ्या भरल्या की नेमकी उलट स्थिती होते. दुर्ग-बालोद भागात ज्या काळ्या चिकण मातीला कन्हार म्हणतात, ती आषाढात भिजली की हा दोष लगेच उघडा पडतो. समजा, दोन टन वजनाच्या रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर ८०० किलो भार आहे आणि ओल्या मातीचा घर्षणांक ०.३ आहे; तर मागची चाके फार तर २४० किलोभाराइतका जोर लावू शकतील, आणि आठास एक अशा चढावर केवळ वजन वर खेचण्यासाठीच २५० किलोभार लागत असल्याने ती गाडी, इंजिन कितीही बलवान असले तरी, चढणार नाही. तोच जोर चारही चाकांतून लावला तर मर्यादा ६०० किलोभारापर्यंत जाते. ऑल-व्हील ड्राइव्हचे सारे प्रयोजन एवढेच आहे. त्याने ताकद वाढत नाही, असलेली ताकद जमिनीत उतरवण्याची सोय होते.

डिझेलवर चालणाऱ्या रूढ पिकअपमध्ये, उदाहरणार्थ भारतात २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्समध्ये, ही सोय ट्रान्सफर केस नावाची पेटी करते. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या या पेटीतून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या आसाकडे आणि दुसरा पुढच्या आसाकडे जातो, आणि चालकाने फोर-व्हील निवडले की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी घट्ट जखडले जाऊन सारख्या गतीने फिरू लागतात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक लांबीचा मार्ग कापतात, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर अशी जखडण शाफ्ट व गिअर यांच्यावर ताण आणते, आणि म्हणूनच ती चिखल, वाळू किंवा सैल खडी यांपुरतीच वापरायची असते. याच पेटीत लो रेंज ही आणखी एक दातेचक्रांची जोडी असते, जी गती घटवून पीळ, म्हणजे टॉर्क, दुपटीहून अधिक करते. तिचे महत्त्व पुढे येईल.

हायब्रिड पिकअपमध्ये विद्युत मोटर आल्यावर रचनेला दोन वाटा फुटल्या, आणि विक्रेत्यांच्या पत्रकांत दोन्हींना एकच नाव असल्याने खरेदीदाराचा गोंधळ होतो. पहिल्या वाटेत मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसते. फोर्डच्या एफ-१५० पॉवरबूस्टमध्ये ३५ किलोवॅटची मोटर अशीच बसवलेली आहे आणि टोयोटाच्या टुंड्रा व टॅकोमा यांच्या हायब्रिड आवृत्त्याही याच पद्धतीच्या आहेत. येथे इंजिनाचा आणि मोटरचा पीळ आधी एकत्र होतो आणि मग गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व शाफ्ट या जुन्याच मार्गाने चारही चाकांकडे जातो, त्यामुळे लो रेंजही शाबूत राहते. बॅटरी रिकामी झाली तरी मागच्या-पुढच्या चाकांचे नाते तुटत नाही.

दुसऱ्या वाटेत शाफ्टच काढून टाकला जातो. बीवायडी कंपनीने २०२४ मध्ये मेक्सिकोत प्रथम सादर केलेल्या शार्क या पिकअपमध्ये पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला दुसरी स्वतंत्र मोटर आहे, १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन मुख्यत्वे जनित्र फिरवते, काही परिस्थितीत पुढच्या चाकांना थेट साहाय्य करते, परंतु मागच्या चाकांशी त्याचा लोखंडी संबंध कोणताच नाही. दोन आसांना जोडणाऱ्या फक्त तारा असतात, आणि पीळ किती व कोठे द्यायचा हे संगणक ठरवतो.

ही दुसरी कल्पना मोटारींच्या जगात नवी वाटली तरी रेल्वेच्या जगात ती जुनी आहे, आणि तिचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक भिलाईत रोज पाहता येते. मुंबई-हावडा मार्गावरील या गावात पोलाद कारखान्याच्या बरोबरीने मोठे यार्ड आणि इलेक्ट्रिक लोको शेड आहे. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएजी-९ या इंजिनाचे वजन मूळ रचनेत १२३ टन असून ते सहा आसांवर पडते, आणि प्रत्येक आसाला स्वतःची मोटर असते. एका आसाकडून दुसऱ्याकडे जाणारा शाफ्ट कोठेही नसतो. सर्व आस चालक असल्यामुळे संपूर्ण वजन पकडीच्या कामी येते आणि पोलादी चाक पोलादी रुळावर असूनही आरंभीची ओढ सुमारे ४७ टनभार, म्हणजे वजनाच्या जवळपास ३८ टक्के, इतकी मिळते. पोलाद कारखान्यांच्या अंतर्गत रुळांवर राबणारी डिझेल-इलेक्ट्रिक शंटिंग इंजिने तर तत्त्वतः शार्कच्या अधिकच जवळची आहेत, कारण त्यांतही डिझेल इंजिन केवळ वीज निर्माण करते आणि चाके मोटर फिरवतात. उणीव असते ती फक्त मोठ्या बॅटरीची.

घसरणाऱ्या चाकाला आवरण्याच्या बाबतीत विजेची बाजू निर्विवाद वरचढ आहे. जुन्या डब्ल्यूएजी-७ इंजिनातील डीसी सिरीज मोटर चाक घसरताच वेग घेत सुटते आणि प्रवाह तोडूनच तिला थांबवावे लागते. डब्ल्यूएजी-९ मधील थ्री-फेज इंडक्शन मोटरचा पीळ मात्र, तिचा वेग पुरवलेल्या विजेच्या वारंवारतेने ठरणाऱ्या वेगाजवळ पोहोचला की, आपोआप शून्याकडे घसरतो, आणि चाक बेलगाम होण्याआधीच पुन्हा पकड घेते. पिकअपमध्ये हेच काम मोटरचा नियंत्रक काही मिलिसेकंदांत करतो, तर शाफ्टच्या रचनेत त्यासाठी क्लचच्या चकत्या दाबाव्या लागतात किंवा फिरत्या चाकाला ब्रेक लावावा लागतो, आणि या दोन्ही क्रिया तुलनेने संथ असतात.

तरीही ओझे घेऊन दिवसभर चढणीवर काम करायचे असेल तर शाफ्टची रचना अधिक भरवशाची म्हणावी लागते, आणि त्याचे कारणही रेल्वेकडूनच समजते. मोटर स्थिर अवस्थेतून पूर्ण पीळ देते हे खरे, परंतु तेवढ्या पिळासाठी प्रवाहही मोठा लागतो आणि तांब्याच्या वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. म्हणून रेल्वेत प्रत्येक मोटरची क्षणभराची आणि अखंड चालण्याची क्षमता वेगवेगळी सांगितली जाते, ही शिस्त मोटारींच्या जाहिरातींत क्वचितच आढळते. लो रेंज असलेल्या गाडीत अधिक पीळ दातेचक्रांतून मिळतो, त्यासाठी जादा प्रवाह लागत नाही; ती नसलेल्या गाडीत मंद गतीच्या चढणीवर सारा भार मोटरच्या तापण्यावर येतो. शिवाय बॅटरी तळाला गेली की दोन्ही आसांना मिळून जनित्र तयार करील तेवढीच शक्ती उरते, आणि पत्रकात छापलेली एकत्रित अश्वशक्ती तेव्हा उपलब्ध नसते.

फोर्डच्या मॅव्हरिक या लहान पिकअपचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २०२२ च्या आवृत्तीत हायब्रिड घेतल्यास फक्त पुढची चाके चालत आणि ऑल-व्हील ड्राइव्ह हवे असल्यास साध्या पेट्रोल इंजिनाकडे वळावे लागे. २०२५ च्या आवृत्तीत दोन्ही एकत्र आले, तेही मागे वेगळी मोटर न बसवता शाफ्ट टाकून. भारतात मारुती ग्रँड विटारा २०२२ मध्ये आली तेव्हा हीच निवड खरेदीदारापुढे होती : ऑल-व्हील ड्राइव्ह सौम्य हायब्रिड आवृत्तीत, आणि पूर्ण हायब्रिड आवृत्ती केवळ पुढच्या चाकांवर चालणारी.

उतारावर मात्र स्वतंत्र मोटरांचा लाभ सरळ आहे. भरलेली गाडी खाली येताना दोन्ही मोटर जनित्रासारख्या चालवून बॅटरी भरता येते, जसे डब्ल्यूएजी-९ उतारावर वीज तारेत परत सोडते. ब्रेक लागताना वजन पुढे झुकत असल्याने पुढच्या मोटरकडून अधिक आणि मागच्या मोटरकडून बेताने काम घ्यावे लागते. मागची चाके प्रमाणाबाहेर रोखली गेली तर ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ही वीज घ्यायला जागाच नसते, आणि तेव्हा सारा भार पुन्हा ब्रेकच्या चकत्यांवर येतो. बॅटरीची ही भरण्याची मर्यादा आणि तिच्यावर होणारा मध्य भारतातील उन्हाळ्याचा परिणाम हा पुढील लेखांकाचा विषय आहे.

(क्रमशः)