सेकंदाचा साठावा भाग आणि हाताने जोडलेला संगणक

पडद्यावर गोलंदाज धावत येतो, चेंडू टप्पा पडून आत वळतो, मागच्या स्टँडमध्ये झेंडे फडकतात. खरं तर यातलं काहीच हलत नसतं. संगणक दर सेकंदाला ६० वेगवेगळी चित्रं काढत असतो आणि आपला डोळा ती एकमेकांना जोडून घेतो. एका चित्रासाठी संगणकाला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक चित्रात यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्याने ठरवायचा. सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी रंग, तेही गेम चालू आहे तोवर न थांबता.

एवढं काम करणारं यंत्र एका स्क्रू ड्रायव्हरच्या मदतीने घरच्या टेबलावर जोडता येतं, आणि त्यासाठी मोठ्या शहरात राहायची गरज नाही. दौंड तालुक्यातलं खुटबाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे. भोवती उसाची शेती आहे आणि सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन संध्याकाळी खोकी घेऊन परत येता येतं. अशा गावातल्या मुलाने किंवा मुलीने आपला पहिला गेमिंग संगणक जोडायचा ठरवला, तर हातात मोजकेच पैसे असतात. ते कुठे घालायचे, हे किमतींच्या यादीवरून कळत नाही. कोणता भाग काय काम करतो हे कळलं, की पैशांचं प्रमाण जवळजवळ आपोआप ठरतं.

एक विचार करतो, हजारो रंगवतात

आधी प्रोसेसर पाहू. तुम्ही कोणती कळ दाबली, चेंडू कुठवर आला, क्षेत्ररक्षकाने कुठे धावायचं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि ‘इथे हे काढ’ अशी यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. या कामात पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते. त्यामुळे इथे थोडेच पण अतिशय वेगवान कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले गणक, लागतात. कमी बजेटमध्ये अनेकांनी निवडलेला एएमडीचा रायझन ५ ५६०० घ्या. त्यात ६ कोअर आहेत आणि त्यांचा वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. विश्वात प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही, पण तोही अशा एका ठोक्यात ७ सेंटिमीटरसुद्धा पुढे जात नाही. सगळे भाग जोडणाऱ्या मदरबोर्डावर रॅमच्या खाचा प्रोसेसरला अगदी चिकटून का असतात, याचं एक कारण इथे आहे. या वेगात एकेका सेंटिमीटरचा हिशोब ठेवावा लागतो.

ग्राफिक्स कार्डाचं काम अगदी वेगळं आहे. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याचा रंग ठरवताना उजव्या कोपऱ्यात काय चाललंय हे जवळजवळ कधीच विचारावं लागत नाही. लाखो गणितं, पण एकमेकांपासून सुटी. म्हणून इथे थोड्या हुशार कोअरऐवजी साध्या गणकांची फौज ठेवतात. एएमडीच्या आरएक्स ६६०० या बजेटमधल्या कार्डात असे १७९२ गणक आहेत. सुमारे २३७ चौरस मिलिमीटरच्या त्या चिपमध्ये १,१०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर मावले आहेत.

यातून पहिला नियम निघतो. मोठ्या, देखण्या गेम खेळायच्या असतील तर मॉनिटर सोडून उरलेल्या पैशांतले ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डाला द्या. प्रोसेसर त्याच्या जोडीचा असू द्या, त्याहून भारी नको. महाग प्रोसेसर आणि दुबळं कार्ड अशी जोडी केली तर यादी तयार असते, चित्र मात्र रेंगाळतं. उलट केलं तर कार्ड रिकामं बसून यादीची वाट पाहतं. व्हॅलोरंटसारखी हलकी गेमच खेळायची असेल तर रायझन ५ ५६००जीसारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन सुरुवात करता येते. कार्ड पुढच्या वर्षी घेता येईल. मात्र ५६०० मध्ये ३२ एमबी एल-३ कॅश, म्हणजे चिपच्या आतलीच जलद स्मृती, आहे, तर ५६००जी मध्ये त्याच्या निम्मी. म्हणून कार्ड लगेच घेणार असाल तर ‘जी’ नसलेला प्रोसेसर बरा.

स्वस्त भागाचं रहस्य

आता बजेटवाल्यांना आनंद होईल अशी एक गोष्ट. रायझन ५ ५६०० च्या आत कोअर असलेला सिलिकॉनचा जो तुकडा आहे, तो मुळात ८ कोअरचा आहे. आरएक्स ६६०० ची चिप मुळात २०४८ गणकांची आहे. महागड्या भावंडांमध्ये तोच तुकडा पूर्ण चालू असतो, स्वस्त भावंडात त्यातला थोडा भाग बंद ठेवलेला असतो.

सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप एकदम घडवतात. त्यातल्या काहींत कुठेतरी सूक्ष्म दोष राहतोच. एका कोअरमध्ये दोष आहे म्हणून सगळा तुकडा फेकला तर अपार श्रम वाया जातील. म्हणून सदोष भाग बंद करून बाकीची चिप कमी किमतीला विकतात. मागणी असेल तेव्हा निर्दोष चिपचेही काही भाग बंद करून स्वस्त वर्गात घालतात. त्यामुळे बजेटमधला भाग हा कनिष्ठ कारखान्यातला माल नसतो. तैवानमध्ये, त्याच तंत्राने, त्याच चकतीवर तो जन्मलेला असतो. कमी पैसे मोजणाऱ्यालाही मानवजातीच्या कारागिरीचं शिखर हातात मिळतं.

पुणे जिल्ह्यातले दोन दाखले

साधे गणक पुष्कळ संख्येने जोडायचे आणि त्यांच्याकडून एकत्र मोठं काम करून घ्यायचं, ही कल्पना पुण्याला नवी नाही. ऐंशीच्या दशकात भारताला हवा असलेला शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच्यासाठी चिप घडवायचा कारखाना काढला नव्हता. ब्रिटनमधल्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिप बाजारातून घेतल्या आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावलं. मिळणारे भाग नीट जोडून देशाचा महासंगणक उभा राहिला.

परम ८००० ची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १ अब्ज गणितांची होती. आरएक्स ६६०० ची कागदावरची क्षमता ८,९०० अब्जांच्या आसपास आहे. दोन्हीकडची गणितं तितक्याच दशांशस्थळांपर्यंत काटेकोर नसतात, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरी ज्या क्षमतेसाठी एका देशाने जिद्दीने कंबर कसली होती, तिच्या हजारो पट आज एका खोक्यात घालून रेल्वेने घरी आणता येते. हे वाक्य लिहिताना अजूनही अंगावर शहारा येतो.

दुसरा दाखला जुन्नर तालुक्यातला. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशाचं चित्र मिळवायचं तर प्रत्येक तबकडीच्या संदेशाचा इतर प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी गुणाकार करावा लागतो. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. हा गुणाकारही सुट्या सुट्या, एकसारख्या गणितांचा असतो. म्हणून दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा या कामासाठी ग्राफिक्स चिप वापरल्या गेल्या. मुलांच्या खेळासाठी जे तंत्र वाढलं, त्यानेच पुणे जिल्ह्यात दूरच्या आकाशगंगांचा आणि पल्सार ताऱ्यांचा माग काढला जातो.

जगाच्या इतिहासातही असंच घडलं. २०१२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ॲलेक्सनेट’ नावाच्या न्यूरल नेटवर्कला चित्रं ओळखायला शिकवलं आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला तिथून वेग आला. त्यासाठी त्यांनी वापरली होती दोन गेमिंग कार्डं, एनव्हिडियाची जीटीएक्स ५८०.

रॅम, एसएसडी, मदरबोर्ड

रॅम १६ जीबी हवी, आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोचवते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन वाटा उघडतात आणि हा आकडा ५१.२ होतो. आतल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला हा फरक पडद्यावर दिसतो. जोडणी झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी सुरू करायला विसरू नका, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहते.

साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्या. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून जास्त. सुई सरकायचा वेळ वेगळाच. एसएसडीत काहीच फिरत नाही, तिथे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने माहिती राहते आणि मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात हाती येते.

मदरबोर्ड घेताना सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, पाहा. रायझन ५ ५६०० एएम४ सॉकेटमध्ये बसतो. हे सॉकेट स्वस्त पडतं, पण त्याचं आयुष्य संपत आलं आहे. एएम५ महाग आहे, मात्र काही वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची सोय त्यात राहते. आज पैसे कमी असतील तर एएम४ मध्ये कमीपणा नाही.

गावात सगळ्यात महत्त्वाचा भाग

यादी करताना पैसे संपत आले की कात्री लागते ती एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला. त्याला दिवे नसतात, त्याने एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणारी चित्रं, वाढत नाहीत. पण जिथे शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो आणि वीज गेल्यावर परत येताना झटका देते, तिथे बाकीच्या सगळ्या भागांचं आयुष्य याच डब्यावर अवलंबून असतं.

त्याच्या आत काय चालतं पाहा. घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. एसएमपीएस आधी ती सरळ करतो. हेलकाव्याचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो. मग तो या विजेचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो, कारण वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. शेवटी बाहेर पडतात १२ व्होल्ट. मदरबोर्ड तेही उतरवून प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्ट देतो. इतक्या कमी दाबाने ६५ वॅट पोचवायचे तर प्रवाह ५० अँपिअरच्या पुढे जातो. शेतातली ५ एचपीची तीन फेजची मोटर दर फेजला साधारण ७-८ अँपिअर घेते. उसाला पाणी देणाऱ्या मोटरीच्या वायरीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह त्या इवल्या चिपमध्ये शिरतो, आणि तोही जराही न डगमगता शिरावा लागतो.

म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, कार्यक्षमतेचं ८० प्लस प्रमाणपत्र असलेला, ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, त्यामुळे पुढे थोडं मोठं कार्ड घालायलाही जागा राहते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस नको. घरचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा अर्थिंग नाही, असं समजा. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा प्रवाह अर्थच्या तारेकडे वळवतो आणि ती तार कुठेच पोचत नसेल तर तो पत्र्यावर येऊन थांबतो. वायरमनला बोलवा, तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कापू नका. यूपीएस लावा, पण गेम चालू ठेवण्यासाठी नव्हे, संगणक नीट बंद करता यावा यासाठी. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो आणि धूळही भरपूर असते, तेव्हा जाळीदार पुढचा भाग आणि निघणारे फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या आणि फिल्टर नियमित झाडा.

जोडताना

बहुतेक भाग एकमेकांत फक्त योग्य जागीच बसतील अशी त्यांची रचना असते. हाताला भीती वाटते ती प्रोसेसर बसवताना. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर सोडून द्या. स्वतःच्या वजनाने तो आत बसतो, दाबायचा नाही. काम सुरू करण्याआधी अंगातली स्थिरवीज घालवायला धातूला हात लावा. ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावा. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळा राहिला तर घाबरू नका, बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते किंवा विजेची एखादी केबल राहिलेली असते. वापरलेलं कार्ड घेताना ते चालू करून, गेम लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या भागाचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीसाठी ते जपून ठेवा.

घरच्या मोठ्या माणसांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी गेमसाठी संगणक मागते, हे ऐकून लगेच नाही म्हणू नका. यंत्र आणायला सांगा, पण ते तिनेच जोडायचं अशी अट घाला. विजेचा दाब, उष्णता, प्रमाण, गणित हे सगळं त्या एका दुपारी तिच्या हातांतून जाईल. संध्याकाळी त्याच संगणकावर गेम चालेल, आणि मनात आलं तर ब्लेंडरमधलं थ्रीडी चित्र किंवा पायथॉनमधला प्रोग्रॅमही चालेल, कारण सेकंदाला साडेबारा कोटी ठिपके रंगवणाऱ्या यंत्राला कोणतंही गणित वर्ज्य नाही. म्हणून यादी आधी कागदावर लिहा, ग्राफिक्स कार्डाला मोठा वाटा द्या, एसएमपीएसवर काटकसर करू नका, आणि पहिला संगणक स्वतःच्याच हाताने जोडा.