विजेचं नाव, वाळवीचं काम

गोंदियाच्या बाजारात सात्या, म्हणजे रानातली भूछत्रं, उतरल्या की पाठोपाठ बातम्याही ठरलेल्या. भाव मटणाच्या वर गेला, टोपल्या सकाळीच रिकाम्या झाल्या, कुठेतरी कुणाला विषबाधा झाली. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलकाठच्या गावांतल्या बायका पळसाच्या पानांवर वाटे मांडून बसतात आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. या भाजीची लागवड कुणालाच जमलेली नाही, त्यामुळे ती दुसरीकडे स्वस्त मिळण्याची सोय नाही.

सात्या उगवतात कशामुळे, असं विचारलं तर उत्तर बहुधा एकच येतं: वीज कडाडली म्हणून. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी शिताके अळंबीच्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे झटके दिले, तेव्हा पीक खरोखर वाढलं. पण शिताके लाकडावर वाढते आणि तिचं लाकूड समोर ठेवलेलं असतं. गोंदियातली सात्या तर उघड्या माळावर, धुऱ्यावर, गवतातून वर येते. तिथे तिला खायला काय मिळतं? वीज फार तर तिला उठवेल, पोट भरणार नाही.

कुठल्याही भूछत्रात हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःचं अन्न शिजवायची सोय नाही. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे फक्त फळ. खरी बुरशी मातीखाली, धाग्यांच्या जाळ्यात पसरलेली असते. हे धागे पाचकरस बाहेर सोडतात, समोरचं पान, मूळ, शेण जिथल्या तिथे विरघळवतात आणि तो रस शोषून घेतात. गवतातली बहुतेक भूछत्रं अशीच मेलेल्या मुळांवर नि कुजक्या पात्यांवर जगतात. युरोपातल्या कुरणांत तर अशा बुरशीची गोल रिंगणं दिसतात. जाळं मधून बाहेरच्या दिशेने सरकतं, वाटेतलं नत्र मोकळं करतं आणि त्या कडेचं गवत इतरांहून गडद हिरवं होतं.

सात्या या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. ती गवतात दिसते, पण गवतावर जगत नाही. मुळाशी हळूच उकरत गेलं, तर देठ संपतच नाही. तो बारीक होत खाली उतरतो आणि थेट वाळवीच्या घरात पोहोचतो. गावच्या बोलीत जिला उधई म्हणतात आणि जी दाराची चौकट पोखरते म्हणून जिच्यावर सगळ्यांचा राग, तीच या भाजीची शेतकरी.

ही गोष्ट पहिल्यांदा लिहून ठेवली ती भारतातच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग हा डॉक्टर 1768 मध्ये तामिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या मिशनवर आला. औषधांबरोबर झाडं, किडे, मिळेल ते तपासत हिंडला. तंजावर भागात त्याने वारुळं फोडून पाहिली, आतल्या बुरशीचं वर्णन केलं आणि 1779 मध्ये ते प्रसिद्ध झालं. वारूळ फोडून आत डोकं घालणारा हा माणूस भारतीय निसर्गअभ्यासाच्या गप्पांत क्वचितच आठवला जातो, जायला हवा. सात्यांच्या या वंशाला टर्मिटोमायसिस हे नाव मिळायला मात्र 1942 उजाडावं लागलं. ते फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी दिलं.

वारुळात चालतं ते असं. कामकरी वाळवी पालापाचोळा, काड्या, वाळकं गवत, लाकडाचा चुरा आणते. तरुण कामकरी हे सगळं बुरशीच्या बीजकणांसकट गिळतात. ते पोटातून भराभर पुढे सरकतं आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेतून स्पंजासारखी सच्छिद्र पोळी रचली जाते. बीजकण त्यातच पेरलेले असतात. नवा थर वर चढत जातो आणि जुना खाली राहतो. बुरशी त्या थरातलं लिग्निन फोडते. हा लाकडाचा सगळ्यात चिवट भाग, तो वाळवीला एकटीला पचत नाही. मग पोळीवर पांढरे, टाचणीच्या डोक्याएवढे गोळे धरतात. ते नत्राने समृद्ध असतात, आणि काडीकचऱ्यात नत्राचीच वानवा असते. तरुण वाळव्या गोळे खातात, खालची मुरलेली पोळी म्हाताऱ्यांच्या वाट्याला जाते.

म्हणजे बुरशीला आयतं दळलेलं अन्न, ऊब, ओल आणि तण काढणारे हजारो हात मिळतात. तण हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. वाळवी वारूळ सोडून गेली, तर थोड्याच दिवसांत त्या पोळीवर झायलेरिया नावाची दुसरी बुरशी माजते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली. वाळवीच्या एकाच शाखेने ती उचलली आणि पुन्हा कधी सोडली नाही, असं डुर आनन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये जनुकांवरून दाखवून दिलं.

गोंदिया धानाचा जिल्हा. तणसाला तोटा नाही, त्यामुळे धिंगरी अळंबीची प्रशिक्षणं इथे शोभतात. धिंगरी तणस स्वतःच फोडून खाते. सात्यांचं तसं नाही. प्रयोगशाळेत त्यांचे धागे वाढवता येतात, तेही संथपणे, पण बाजारात नेण्याजोगं पीक वाळवीशिवाय येत नाही. ‘सात्यांची शेती’ शिकवतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर आधी त्याच्याकडची वाळवी दाखवायला सांगावी.

विषबाधेचं कोडंही भूछत्रांच्या या खाण्यातच थोडं सुटतं. पावसाळ्यात गवतावर हमखास दिसणारं क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे भूछत्र पांढरं, देखणं आणि विषारी. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू करतं. छत्रीखालच्या त्याच्या पापुद्र्या वयानुसार हिरवट होतात, पण कोवळेपणी त्या पांढऱ्याच असतात. त्याचा देठ वारुळापर्यंत जात नाही, कारण ते खरोखरच कुजक्या गवतावर जगतं. जाणत्या बायका नुसती टोपी बघत नाहीत, जागा बघतात. ही खूण मात्र त्यांच्याच हाती ठेवावी. शहरातल्या हौशी माणसाने वाचून भाजी तोडायला निघू नये.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या पावसात पंखांच्या वाळव्या उडतात, जोडीने जमिनीत शिरतात आणि नवं घर मांडतात. बहुतेक जातींत त्या बुरशी सोबत नेत नाहीत. नव्या घरातले पहिले कामकरी बाहेर पडतात तेव्हा उमललेल्या छत्र्यांचे बीजकण पाचोळ्यातून गोळा करून आणतात. बाजारात मात्र गिऱ्हाइकाचा हात आधी न उमललेल्या कळ्यांवर पडतो. सगळ्या कळ्याच खुडल्या, तर आसपासच्या नव्या वारुळांनी बियाणं कुठून आणायचं? त्यात धुऱ्यावरचं वारूळ ट्रॅक्टरने सपाट होतं, किंवा त्यात क्लोरपायरिफॉस ओतलं जातं. नागपंचमीला पुजलेल्या वारुळाचीही यातून सुटका नसते. नव्या वसाहतीला छत्र्या वर काढण्याइतकं मोठं व्हायला काही वर्षं लागतात. ज्यांच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या सात्या निघतात, त्यांनी एवढं तरी करावं: वारुळाला हात लावू नये, खणून देठ ओढू नये आणि प्रत्येक जागी चार-दोन छत्र्या उमलू द्याव्यात.