विश्लेषण : पोप साठी-सत्तरीतच का निवडले जातात? सातारा-सांगलीच्या गाद्यांवर मात्र मुले का बसली?

मे २०२५ मध्ये लिओ चौदावे पोप झाले तेव्हा त्यांचे वय ६९ होते. तरीही आधीच्या दोघांच्या मानाने ते तरुणच ठरले. बेनेडिक्ट सोळावे ७८व्या वर्षी, तर फ्रान्सिस ७६व्या वर्षी निवडून आले होते. जगभरातील १४० कोटींच्या आसपास कॅथलिकांचे नेतृत्व इतक्या उतारवयातील व्यक्तीकडे का दिले जाते? आपल्याकडे साताऱ्याच्या आणि सांगलीच्या गादीवर मिसरूड न फुटलेली मुले बसली, त्या इतिहासाशी तुलना केली की या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट होते.

पोप होण्यासाठी वयाची अट आहे का?

किमान किंवा कमाल वयाची कोणतीही स्वतंत्र अट नाही. बाप्तिस्मा झालेला कोणताही कॅथलिक पुरुष तत्त्वतः पोप होऊ शकतो. तो बिशप नसेल तर निवडीनंतर लगेच त्याला बिशपपदाची दीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्षात मात्र कार्डिनल नसलेली व्यक्ती पोप होण्याची शेवटची घटना १३७८ ची आहे. त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षे कार्डिनल आपल्यातीलच एकाला निवडत आले आहेत.

१९०३ पासून निवडल्या गेलेल्या ११ पोपांचे निवडीवेळचे सरासरी वय सुमारे ६७ भरते. त्यांपैकी साठीच्या आतले दोघेच. १९१४ मध्ये निवडलेले बेनेडिक्ट पंधरावे ५९ वर्षांचे, तर १९७८ मध्ये निवडलेले जॉन पॉल दुसरे ५८ वर्षांचे होते. नियम नसतानाही निकाल इतका एकसारखा येतो, त्याचे कारण निवडीच्या पद्धतीत आणि मतदारांच्या हिशेबात आहे.

तिथपर्यंत पोहोचायला इतकी वर्षे का लागतात?

चर्चमधील शिडी लांबलचक आहे. धर्मगुरूपदाची दीक्षा साधारणपणे वयाच्या २५व्या वर्षापूर्वी मिळत नाही. बिशप होण्यासाठी किमान ३५ वर्षे वय आणि धर्मगुरू म्हणून किमान पाच वर्षांची सेवा लागते. त्यानंतर धर्मप्रांताचा कारभार, मग आर्चबिशपपद, आणि पुढे पोपने निवडले तर कार्डिनलपद.

सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. या धर्मप्रांताचे बिशप थॉमस डाबरे हे तुकारामांच्या अभंगांचे अभ्यासक म्हणून मराठी वाचकांना परिचित आहेत. आधी वसईत आणि २००९ पासून पुण्यात त्यांनी बिशपपद सांभाळले. बिशपांनी ७५व्या वर्षी राजीनामा सादर करावा असा संकेत आहे. डाबरे यांचा राजीनामा २०२३ मध्ये, ७७व्या वर्षी स्वीकारला गेला. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये कार्डिनल झाले, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. म्हणजे आपल्या परिसरातील उदाहरणे पाहिली, तरी कार्डिनलपद हाती येईपर्यंत साठी उलटून जाते, हे लक्षात येते.

मतदारांच्या वयाला मर्यादा आहे का?

आहे. पोपपदाच्या उमेदवाराला वयोमर्यादा नाही, पण मतदाराला आहे. पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये नियम केला, की ८० वर्षे पूर्ण केलेल्या कार्डिनलांना निवडणुकीत मत देता येणार नाही.

या नियमाचा फटका मुंबईला बसला. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये फ्रान्सिस यांच्या निवडीत मतदान केले होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी ८० वर्षे पूर्ण केली. पोप फ्रान्सिस यांचे निधन २१ एप्रिल २०२५ रोजी झाले. चार महिन्यांच्या फरकाने ग्रेशियस यांचा मताधिकार गेला. ७२ वर्षांचे फेर्राव मात्र सिस्टीन चॅपेलमध्ये मतदानाला बसले. त्या निवडणुकीत एकूण १३३ कार्डिनल सहभागी झाले आणि निवडीसाठी दोन तृतीयांश मतांची गरज होती.

मतदार बहुतांशी साठी-सत्तरीतले, आणि निवड त्यांच्यातूनच. साहजिकच निवडून येणाराही त्याच वयाचा असतो. दोन तृतीयांश मतांच्या अटीमुळे सर्व गटांना चालेल असा, दीर्घकाळ पारखलेला माणूस पुढे येतो.

मतदार वयाचा हिशेब कसा करतात?

पोपपद तहहयात असते. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक होत नाही आणि पोपला हटवण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यामुळे निवडीवेळचे वय हीच काय ती मुदत ठरते. ४५ वर्षांचा पोप निवडला तर तो चाळीस वर्षे राहू शकतो. त्याची धोरणे पटली नाहीत, तर मत देणाऱ्यांच्या हयातीत दुरुस्तीची संधी येणार नाही. सत्तरीतील माणूस निवडला तर दहा-पंधरा वर्षांत पुन्हा विचार करता येतो.

साताऱ्याचे उदाहरण घेतले तर हा फरक नेमका दिसतो. मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात छत्रपती झाले, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. डिसेंबर १७४९ मध्ये त्यांचे निधन झाले. जवळपास ४२ वर्षांची ही एकच कारकीर्द. तेवढ्याच काळात रोममध्ये पाच पोपांनी काम पाहिले. त्यांतील तिघे अनुक्रमे ६५, ७५ आणि ७८ या वयात निवडून आलेले होते.

गादीवर मुले का बसवली जात?

वारसाहक्काने चालणाऱ्या गादीला वय निवडता येत नाही. राजा गेला की मुलगा, मुलगा नसेल तर दत्तक. पोप ब्रह्मचारी असतो, त्याला कायदेशीर वारस नसतो. त्यामुळे अल्पवयीन वारसाचा आणि त्याच्या वतीने राज्य चालवण्याचा प्रश्नच तिथे येत नाही.

मराठेशाहीत तो वारंवार आला. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्र शिवाजी अवघे चार वर्षांचे होते. त्यांना गादीवर बसवून ताराराणींनी राज्य आणि मोगलांविरुद्धचे युद्ध चालवले. १७७४ मध्ये तर साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे ४० दिवसांच्या सवाई माधवरावांना मिळाली. कारभार बारभाईंनी, आणि पुढे मुख्यतः नाना फडणीसांनी पाहिला. १७७७ मध्ये साताऱ्याच्या गादीवर दत्तक आलेले दुसरे शाहू किशोरवयीन होते. त्यांचे पुत्र प्रतापसिंह १८०८ मध्ये १५व्या वर्षी छत्रपती झाले.

सांगलीची गोष्टही याच वळणाची. मिरजेची जहागीर बालवयातील चिंतामणराव पटवर्धनांच्या नावावर आली, तेव्हा कारभार काका गंगाधररावांकडे होता. पुतण्या मोठा झाल्यावर दोघांचे बिनसले. वाटणीत मिरज काकांकडे राहिली आणि चिंतामणरावांनी सांगलीला राजधानी केली. म्हणजे आज शेजारी नांदणाऱ्या या दोन शहरांची दोन संस्थाने झाली, त्यामागे एका अल्पवयीन वारसाचा प्रश्न होता. शतकभराने, १९०३ मध्ये, याच गादीवर दत्तक आलेले दुसरे चिंतामणराव १३ वर्षांचे होते. त्यांना पूर्ण अधिकार १९१० मध्ये मिळाले.

धनी लहान असला की सत्ता कारभाऱ्याच्या हाती जाते. कारभारी निष्ठावंत असेल तर राज्य टिकते. नसेल, तर धनी मोठा झाला तरी किल्ल्या परत मिळत नाहीत.

रोममध्ये तरुण पोप कधीच झाले नाहीत का?

झाले, आणि बहुतेकदा घराण्यांच्या जोरावर. दहाव्या शतकात, ९५५ मध्ये, जॉन बारावे पोप झाले तेव्हा ते जेमतेम अठराच्या आसपास होते. त्यांच्या वडिलांची रोमवर सत्ता होती. १५१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील लिओ दहावे ३७व्या वर्षी पोप झाले. त्यांना कार्डिनलपद १३व्या वर्षीच मिळाले होते. म्हणजे जिथे घराणे शिरले, तिथे रोममध्येही वय खाली आले. पोपची निवड १०५९ पासून कार्डिनलांच्या हाती आली, ११७९ मध्ये दोन तृतीयांश मतांची अट आली आणि पुढे धर्मगुरू व बिशप होण्याच्या किमान वयाचे नियम पक्के झाले. घराण्यांचा जोर ओसरत गेला तसे पोपचे वय पुन्हा चढले.

वयस्क पोप म्हणजे केवळ तात्पुरती सोय?

तसा हिशेब अनेकदा चुकला आहे. १८७८ मध्ये ६७व्या वर्षी निवडलेले लिओ तेरावे २५ वर्षे पदावर राहिले आणि ९३व्या वर्षी वारले. १९५८ मध्ये निवडलेले जॉन तेविसावे ७६ वर्षांचे होते. त्यांनी पाच वर्षांहून कमी काळात दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली. या परिषदेमुळे लॅटिनऐवजी स्थानिक भाषांतून उपासनेचा मार्ग मोकळा झाला. आज महाराष्ट्रातील चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होतो, त्याचे मूळ एका ‘म्हाताऱ्या’ पोपच्या निर्णयात आहे.

उलट अनुभवही आहे. १९७८ मध्ये निवडलेले जॉन पॉल पहिले ६५ वर्षांचेच होते, पण ३३ दिवसांत त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या निवडणुकीत कार्डिनलांनी ५८ वर्षांच्या जॉन पॉल दुसऱ्यांना निवडले आणि ती कारकीर्द साडेसव्वीस वर्षे चालली. पुढच्या खेपेला, २००५ मध्ये, निवड झाली ती ७८ वर्षांच्या बेनेडिक्ट यांची.

मग या पद्धतीतील धोका कोणता?

धोका कारभाऱ्याचाच आहे, फक्त तो उलट्या टोकाकडून येतो. १७३० मध्ये ७८व्या वर्षी पोप झालेल्या क्लेमेंट बाराव्यांची दृष्टी दोन वर्षांत गेली. पुढची आठ वर्षे बराचसा कारभार त्यांचे पुतणे कार्डिनल कोर्सिनी यांच्या हाती राहिला. मिरजेत पुतण्या लहान म्हणून काका कारभारी झाले. रोममध्ये काका थकले म्हणून पुतण्या कारभारी झाला.

आजही पोप आजाराने कायमचा अक्षम झाला, तर त्याला पदमुक्त करण्याची स्पष्ट प्रक्रिया चर्चच्या कायद्यात नाही. पोपने स्वतःहून, मुक्तपणे राजीनामा दिला तरच पद रिकामे होते. जॉन पॉल दुसरे अखेरची वर्षे गंभीर आजारी असूनही पदावर राहिले. बेनेडिक्ट सोळावे यांनी मात्र २०१३ मध्ये, ८५व्या वर्षी, शक्ती कमी पडत असल्याचे सांगून पद सोडले. सुमारे सहाशे वर्षांत असे करणारे ते पहिलेच पोप. फ्रान्सिस यांनीही आपण अक्षम झालो तर वापरता यावे म्हणून राजीनाम्याचे पत्र सही करून ठेवल्याचे २०२२ मध्ये सांगितले होते. वैद्यकशास्त्र आयुष्य वाढवत असताना हा प्रश्न अधिक गंभीर होत जाणार आहे. पूर्वी ७० वर्षांचा पोप निवडणे म्हणजे छोटी कारकीर्द, असे गृहीत धरता येत होते. आता ती वीस वर्षांची होऊ शकते आणि त्यातील शेवटची काही आजारपणात जाऊ शकतात.

धनी लहान असला तर निदान तो कधी सज्ञान होणार, हे माहीत असते. सांगलीच्या दुसऱ्या चिंतामणरावांना २०व्या वर्षी अधिकार मिळाले आणि इतरांच्या हातचा कारभार संपला. थकलेल्या पोपच्या बाबतीत अशी तारीख ठरवता येत नाही. ८० वर्षांनंतर मत देऊ नये असे चर्चने मतदारांना सांगितले आहे, ७५व्या वर्षी राजीनामा द्यावा असे बिशपांना सांगितले आहे. पोपबाबतचा निर्णय मात्र अजून पोपवरच सोडलेला आहे.