बाळाच्या वाटीत पाणी नको, लगदा हवा

कापूसवेचणीच्या दिवसांत आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. आई शेतात, बाळ आजीच्या मांडीवर, आणि वाटीत वरणावरचे निवळ पाणी. आजीबाईंचा हेतू चांगलाच, बाळाला जड होऊ नये! पण त्या पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. डाळ तळाशीच राहते.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध. पुढे दूध चालू ठेवून लाल भोपळा सुरू करावा. आपल्या आदिलाबादकडे त्याचा वेल कुंपणावरही चढतो. साल व बिया काढून फोडी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून मऊ शिजवाव्यात. ते पाणी फेकू नये, त्यातच फोडी घोटाव्यात. त्यात शिजलेली मूगडाळ आणि थोडे तेल किंवा तूप घालावे. भोपळ्यातले अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्धता लागते. चमचा तिरपा केला तरी लगदा चटकन ओघळू नये, इतका दाट असावा. मीठ, साखर नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून तान्ह्याला घातक विषबाधा होऊ शकते.

आरंभी दोन-तीन चमचे, हळूहळू लहान वाटीभर. बाळाने थुंकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे.

सकाळी शिजवलेले दुपारी भरवू नये, हगवण लागते. आईने डाळ निवडून ठेवावी, आजीने दुपारी हात धुऊन ताजे शिजवावे. आणि अंगणवाडीचे बालामृतम् बाळाचेच आहे, थोरल्या भावंडांत वाटून संपवू नये.