बहर ओसरल्यावर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी चीनच्या हेनान प्रांतातील लुओयांग नगरात पोहोचलो, तेव्हा पालखी पुढे गेल्यावर मुक्कामी आलेल्या वारकऱ्यासारखी माझी गत झाली. कारण ज्या मूदानसाठी, म्हणजे पिओनीच्या काष्ठमय जातीसाठी, हे नगर विख्यात आहे तिचा एप्रिलमधला बहर ओसरला होता, आणि तिथल्या एका उद्यानात एक वृद्ध माळी, माझा दुभाषी व मी एवढेच उरलो होतो.

उशीर मात्र माझ्या पथ्यावर पडला. पाकळ्या गळताच देठाच्या टोकाशी लवदार शेंगांचा चांदणीसारखा झुबका फुगू लागतो. माळीबुवा तो, खालचे पहिले पूर्ण पान राखून, कात्रीने उतरवीत होते, कारण बी धरण्यात झाडाची शक्ती खर्ची पडू द्यायची नव्हती. हा शिरस्ता फार जुना. सुंग राजवटीत सरकारी कामगिरीवर येथे राहिलेल्या ओउयांग श्यू याने 1034 च्या सुमारास मूदानवर जे टिपण लिहिले त्यात, फूल गळताच फांदी छाटावी, एरवी झाडाला लवकर वार्धक्य येते, अशी नोंद आहे. दप्तरात बसणाऱ्या माणसाची नजर इतकी बारीक असावी, हे मला विशेष वाटले.

मग खुंटाचे फुटवे काढणे आले. मूदानचे कलम बहुधा मऊ खोडाच्या पिओनीच्या मुळावर बांधतात, आणि ते मूळ संधी मिळताच स्वतःचे कोंब वर धाडून कलमाचा हक्क बळकावू पाहते. मी उत्साहाने एक फुटवा उपटला. तो नेमका मूदानचाच निघाला! माळीबुवांनी न रागावता दोन पाने माझ्या तळहातावर ठेवली: मूदानच्या शेंड्याच्या पर्णिकेला तीन खाचदार भाग होते, दुसरीची पर्णिका अखंड व चकचकीत होती. त्यानंतर ती कामगिरी माझ्याकडे राहिली नाही.

खताची मात्रा आटोपशीर होती. बंदोबस्त होता तो पाण्याच्या निचऱ्याचा, कारण मांसल मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. हिरवे पान तर एकही तोडायचे नव्हते. उन्हाळ्यात हे झाड डुलकी घेते, असे तिकडे म्हणतात. परंतु पुढच्या वसंतातले फूल कळीच्या आत आकार घेऊ लागते ते त्याच डुलकीत. माळीबुवांनी एका पानाची बगल उघडून दाखवली. तिथे तांदळाच्या कणीएवढा हिरवा डोळा होता.